पहिली पायरी



मी गेली पंचवीस वर्षं व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करतोय. आमच्याकडे येणाऱ्या आईवडिलांचा एक प्रश्न अगदी ठरलेला असतो. मुलाच्या सॅकमध्ये, गाडीच्या डिकीत नाहीतर उशीखाली गांजाची पुडी सापडलेली असते. आईचे डोळे सुजलेले असतात, वडील खाली बघत बसलेले असतात. मग दोघांपैकी कुणीतरी विचारतं, "सर, आज गांजा आहे. उद्या हा एमडी घेणार का? गर्द घेणार का?"

आज मला या प्रश्नाचं जमेल तितकं प्रामाणिक उत्तर द्यायचंय. पण हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो कुठल्या पालकाच्या तोंडून नव्हे. तो आमच्याच घरात विचारला गेला होता, काशीत.

माझं आजोळ बनारसचं. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात पेशवाईपासून मराठी घरं आहेत. तशाच एका गल्लीत आजोळचं घर. तिथून घाटाघाटानं मणिकर्णिकेकडे चालत निघालात, की मणिकर्णिकेच्या अलीकडे शिंदे घाट लागतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमाराला तो बांधवला. तुमच्यापैकी कुणी काशीला गेलं असेल तर तिथलं तिरकं देऊळ नक्की पाहिलं असेल. रत्नेश्वर महादेव. निम्मं चिखलात, एका बाजूला कललेलं, पावसाळ्यात तर पाण्याखालीच.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं त्या घाटावरच असायचो. माझे मामा रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला भांगेची गोळी घ्यायचे. सरकारी परवान्याच्या दुकानातून भांग आणायची, पाट्यावर वाटायची, बडीशेप-मिरी घालून हरभऱ्याएवढी गोळी करायची आणि पाण्याबरोबर गिळायची. मग आंघोळ, संकठेचं दर्शन, रात्री जेवण आणि झोप. चाळीस वर्षं हा क्रम चालला. मामांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. गांजाची चिलीमही ओढली नाही.

आणि त्याच घरात माझा मामेभाऊ होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पोहण्यात पटाईत. बारा-तेराव्या वर्षी बिडी. शिवरात्रीला घरातलीच ठंडाई. सोळाव्या-सतराव्या वर्षी घाटावर चिलीम. आणि वीस वर्षांचा असताना स्मॅक, म्हणजे आपण महाराष्ट्रात ज्याला गर्द म्हणतो ते. १९९१ साली दादा गेला. चोवीस वर्षांचा होता. मणिकर्णिका आमच्या घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. त्याला तिथेच नेलं.

तेराव्याच्या दिवशी मामी सगळ्यांसमोर मामांना म्हणाली, "तुमच्या गोळीनं माझं पोर खाल्लं." मामा काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी भांग सोडली. पुढे अठरा वर्षं जगले, पण पाट्याला हात लावला नाही.

मामीचं म्हणणं खरं होतं का? माझं सगळं काम त्या एका वाक्यातून सुरू झालं, असं म्हटलं तरी चालेल.

आता जरा बाहेर बघू. १९७५ साली अमेरिकेत डेनिस कँडेल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. शाळकरी मुलं नशेच्या पदार्थांकडे कोणत्या क्रमानं जातात, हे त्यांनी तपासलं होतं. आधी बिअर किंवा वाईन, मग सिगारेट किंवा कडक दारू, मग गांजा आणि त्यानंतर बाकीचे बेकायदा पदार्थ. पुढच्या दहा वर्षांत या क्रमाचं 'गेटवे' झालं. गांजा म्हणजे दरवाजा, एकदा आत शिरलं की पुढचं सगळं आलंच, असं शाळाशाळांतून सांगितलं जाऊ लागलं. गंमत बघा, क्रमात गांजा तिसरा होता. पहिल्या दोन पायऱ्या कायदेशीर होत्या, त्यामुळे त्यांची चर्चा कमी झाली. आपल्याकडे तर बिडी, तंबाखू, गुटखा यांना आपण व्यसनात मोजायलाही तयार नसतो. दादाची पहिली पायरी बिडी होती. मामीला ती आठवली नाही, कारण आमच्याकडे सगळेच पुरुष बिडी ओढायचे.

आणखी एक. 'याच्यानंतर ते आलं' आणि 'याच्यामुळे ते आलं' ही दोन वेगळी विधानं आहेत. आमच्या केंद्रात गर्दसाठी दाखल झालेल्या पेशंटना विचारलं, आधी गांजा ओढायचास का, तर बहुतेक जण हो म्हणतात. पण प्रश्न उलटा करून बघा. गांजा ओढणाऱ्यांपैकी किती जण गर्दपर्यंत जातात? जे गेले नाहीत ते आमच्याकडे येतच नाहीत, म्हणून आम्हाला ते दिसत नाहीत. दादाबरोबर चिलीम ओढणारे आणखी चार जण मला नावानं माहीत आहेत. एक बँकेतून निवृत्त झाला. एकाची नाव होती, ती आता मुलगा चालवतो. एक पौरोहित्य करतो. चौथा दारूत गेला. स्मॅक पाचांपैकी एकट्या दादानं धरली. पाच माणसांवरून शास्त्र होत नाही, हे मला कळतं. पण मामीसमोर त्या दिवशी एकच होता, हेही लक्षात घ्या.

आपल्या देशाचे आकडे बघू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'नं देशभर मोठं सर्वेक्षण केलं, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातल्या सुमारे ३ कोटी १० लाख भारतीयांनी त्याआधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचं त्यात दिसलं. भांग घेणारे २ कोटी २० लाख, गांजा-चरसवाले १ कोटी ३० लाख. काही जण दोन्हीत आहेत. दारू पिणारे १६ कोटी. आणि अफूपासूनचे किंवा तशा प्रकारचे पदार्थ, म्हणजे हेरॉइन, अफू, वेदनाशामक गोळ्या वगैरे, घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास.

आता राज्यं बघा. भांग-गांजाचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, सिक्कीम, छत्तीसगड, दिल्ली ही नावं येतात. हेरॉइनच्या कुळातल्या पदार्थांचं प्रमाण सगळ्यात जास्त कुठे? मिझोराम, नागालँड, अरुणाचल, सिक्कीम, मणिपूर. सिक्कीम दोन्हीकडे आहे, बाकीची जुळत नाहीत. गांजाच सगळ्याचं कारण असता, तर दोन्ही याद्या सारख्या निघायला हव्या होत्या. सिक्कीम सोडलं, तर ईशान्येतल्या या राज्यांच्या शेजारी म्यानमार आहे, जिथे अफू पिकते. माल जिथे दाराशी येतो तिथे माणसं तो घेतात, मधल्या पायऱ्या असोत वा नसोत.

मग गांजाचा काहीच संबंध नाही का? तसंही नाही. संशोधकांनी तीन कारणं तपासली आहेत. तिन्ही सांगतो, कारण घरातल्या मुलाशी कसं वागायचं हे त्यावरून ठरतं.

पहिलं कारण मेंदूचं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात किशोरवयीन उंदरांना गांजातला मुख्य घटक, टीएचसी, दिला. मोठे झाल्यावर त्यांना एक खटका दाबून हेरॉइन घेण्याची सोय करून दिली. ज्यांना लहानपणी टीएचसी मिळालं होतं, ते इतरांपेक्षा जास्त हेरॉइन घेऊ लागले. म्हणजे वाढत्या मेंदूवर काहीतरी परिणाम राहतो. पण असाच परिणाम निकोटिनचाही दिसला आहे. निकोटिन दिलेल्या उंदरांवर कोकेनचा परिणाम वाढतो, हे २०११ साली दाखवलं गेलं आणि त्या संशोधनातही याच कँडेलबाई होत्या. शिवाय पिंजऱ्यातल्या उंदराला हेरॉइन शोधायला जावं लागत नाही. माणसाच्या मुलाला जावं लागतं, कुणाकडे तरी.

दुसरं कारण माणसाचं. काही मुलांमध्ये धाडस करायची ओढ जास्त असते. काहींच्या घरात मारहाण असते, काहींच्या मनात अशी उदासी असते जी कुणाला सांगता येत नाही. असा मुलगा जे हाताला लागेल ते करून बघतो. गांजा आधी मिळतो म्हणून आधी गांजा, हेरॉइन नंतर मिळतं म्हणून नंतर हेरॉइन. २००२ साली अमेरिकेतल्या रँड या संस्थेच्या संशोधकांनी गणितानं दाखवलं, की गांजाचा स्वतःचा परिणाम शून्य धरला तरी, फक्त प्रवृत्ती आणि संधी यांच्या जोरावर हाच क्रम दिसू शकतो. त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं, की यावरून गांजा निर्दोष सुटत नाही. दुसरं स्पष्टीकरणही तेवढंच बसतं, इतकंच.

मग एक अभ्यास जुळ्यांचा झाला, ऑस्ट्रेलियात, २००३ साली प्रसिद्ध झाला. ३११ जोड्या. प्रत्येक जोडीत एकानं सतराव्या वर्षाच्या आत गांजा घेतलेला, दुसऱ्यानं नाही. घर तेच, आईबाप तेच, रक्त बरंचसं तेच. तरीही लवकर सुरुवात केलेल्याला पुढे इतर पदार्थांचा किंवा व्यसनाचा धोका दोन ते पाच पट निघाला. म्हणजे सगळं प्रवृत्तीवर ढकलून चालत नाही. वयाला महत्त्व आहे. पण पंधराव्या वर्षी गांजा सुरू करणाऱ्या जुळ्याचे मित्र बदलतात, तो ज्याच्याकडून माल घेतो तो माणूस त्याच्या आयुष्यात येतो, हेही त्यात आलंच.

आणि तिसरं कारण तिथेच आहे. बाजार.

हे समजून घ्यायला मला बनारसनं मदत केली. भांग आणि गांजा ही एकाच झाडाची लेकरं. पानं म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. घटक तोच, प्रमाण वेगळं. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातच नुसत्या पानांना व्याख्येबाहेर ठेवलं गेलं. आपला १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, त्यानंही तेच केलं. त्याआधी अनेक प्रांतांत गांजाचीही परवान्याची दुकानं होती. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये खास आयोग नेमून सुमारे बाराशे साक्षीदार तपासले होते. मर्यादित सेवनानं फारसं नुकसान होत नाही, अतिसेवनानं होतं, सरसकट बंदी नको, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता. १९८५ नंतर गांजा भूमिगत झाला आणि भांग दुकानात राहिली.

मामांचा भांगवाला आठवतो मला. दुकानावर पाटी, आत तराजू. त्याच्याकडे भांग मिळायची आणि दुसरं काही मिळायचं नाही. तो मामांना नावानं ओळखायचा. मी दहा वर्षांचा असताना मामांसाठी आणायला गेलो, तर त्यानं मला हाकलून दिलं होतं.

दादाचा माणूस वेगळा होता. दादाच्या मित्रानं मला नंतर सगळं सांगितलं. एकदा पावसाळ्यात आठ-दहा दिवस गांजाच आला नाही. त्या माणसानं खिशातून छोटी पुडी काढली आणि म्हणाला, "आज ये ले जा, पैसे बाद में देना." मित्र घाबरला, परत फिरला. दादानं घेतली. पन्नीवर टाकून खालून काडी पेटवायची आणि धूर ओढायचा, हेही त्या माणसानंच शिकवलं. पुढच्या महिन्यात पैसे आधी द्यावे लागायला लागले.

नेदरलँड्सनं १९७६ साली हाच विचार करून कायदा बदलला. गांजा विकणारा आणि हेरॉइन विकणारा एक असता कामा नये, म्हणून तिथे ठरावीक कॅफेंमधून थोडा गांजा विकायला आडकाठी केली नाही. ते बरोबर की चूक, यावर तिथेही अजून वाद आहेत. आपल्याकडे तसं करावं असं मी सांगत नाहीये. मी एवढंच सांगतोय, की मामा आणि दादा एकाच झाडाचं पान आणि फूल घेत होते, आणि दोघांची दुकानं दोन वेगळ्या जगांत होती.

इथे थांबून एक कबुली देतो. मामांचं उदाहरण सांगितलं की काही जण खूश होतात. "बघा, भांग निरुपद्रवी आहे." नाही. मामांनी पंचविशी उलटल्यावर सुरुवात केली, मात्रा कधी वाढवली नाही, घरात घेतली, लोकांसमोर घेतली. खाल्लेल्या भांगेचा अंमल चढायला तास-दोन तास लागतात. काही होत नाही म्हणून होळीच्या दिवशी दुसरा पेला पिणारे, आणि रात्री इस्पितळात पोचणारे लोक दरवर्षी असतात. 'एम्स'च्या त्याच अहवालात भांग-गांजा-चरसमुळे मदतीची गरज असलेल्या भारतीयांचा आकडा ७२ लाखांच्या घरात आहे. आणि ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे, त्यांच्या मुलांनी तर गांजाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. गर्दकडे न जाताही गांजा आयुष्य बिघडवू शकतो. पुढे काय होईल या भीतीत आपण आज काय होतंय ते बघायचं विसरतो. मुलगा कॉलेजला जात नाहीये, मित्र तोडलेत, रात्रभर जागा असतो, एकटाच ओढतो. ही आजची गोष्ट आहे, तिच्यावर आज बोलायला हवं.

मग मुलाच्या सॅकमध्ये पुडी सापडली तर काय करायचं? मी पालकांना चार गोष्टी शोधायला सांगतो. पहिली, सुरुवात कितव्या वर्षी झाली? सोळाच्या आत असेल तर वाट बघत बसू नका. दुसरी, रोज घेतो की कधीमधी? तिसरी, मित्रांबरोबर घेतो की एकटा? एकटा असेल तर तो मजा करत नाहीये, काहीतरी सहन करतोय. आणि चौथी, कुणाकडून आणतो, आणि तो माणूस आणखी काय विकतो? आज महाराष्ट्रात गांजा देणाऱ्याच्याच खिशात एमडी असू शकतं. दादाच्या वेळी स्मॅक होती, आता पावडरचं नाव बदललंय.

ही उत्तरं मुलगा कधी देईल? त्याला मार बसणार नाही अशी खात्री असेल तेव्हाच. आणि एक वाक्य कृपा करून बोलू नका : "आज गांजा, उद्या गर्द घेशील." तो आपल्या आजूबाजूला बघतो. गांजा ओढून परीक्षा पास झालेले, नोकरी करणारे दहा जण त्याला दिसतात. मग त्याला वाटतं, आईबाबा गांजाबद्दल खोटं बोलले, म्हणजे गर्दबद्दलही खोटंच बोलत असतील. तिथे खरा दरवाजा उघडतो.

दादाच्या बाबतीत घरात कुणी विचारलंच नाही. कळलं तेव्हा मामांनी पट्ट्यानं मारलं आणि खोलीत कोंडलं. मग टर्की लागली. अंग मोडून येणं, उलट्या, नाकाडोळ्यांतून पाणी. मामीला वाटलं कॉलरा झाला. तिसऱ्या दिवशी दार उघडलं आणि तो गेला तो थेट त्या माणसाकडे. ऑगस्ट १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू झालं होतं. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं होतं, डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभं केलं होतं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात दिला होता. माझ्या आईनं वाचून मामांना पत्र लिहिलं, "पोराला इकडे पाठव." मामांनी उत्तर दिलं नाही. लोक काय म्हणतील, काशीतल्या भटाचा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात! ते पत्र दादा गेल्यावर मामांच्या पोथीत सापडलं.

आज परिस्थिती बदललीय. १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. अनेक जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत उपचार मिळतात. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला आला, तर अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यातून संरक्षण मिळण्याची तरतूद एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये आहे. पोलिसांच्या भीतीनं घरी कोंडून ठेवू नका.

शेवटी परत शिंदे घाटावर येतो. ते देऊळ का कललं, याच्या तिथे दोन-तीन गोष्टी सांगतात. एक म्हणजे कुणी मुलानं आईसाठी देऊळ बांधलं आणि "तुझं ऋण फेडलं" म्हणाला, म्हणून ते कललं. दुसरी, अहिल्याबाईंच्या रत्नाबाई नावाच्या दासीनं देवळाला स्वतःचं नाव दिलं, म्हणून शाप लागला. लहानपणी मला दोन्ही खऱ्या वाटायच्या. काठ पोकळ होता, वर दगडाचं ओझं फार झालं, तेव्हा अख्खा घाटच खचला होता, हे कुणी सांगत नाही. खचलेलं डोळ्यांना दिसतं. मग आपण कुणाचा तरी शाप शोधतो.

मामी ऐंशीच्या पुढे गेली तेव्हा मी एकदा धीर करून तिच्याजवळ बसलो. म्हटलं, "मामी, मामांच्या गोळीनं दादा गेला नाही गं." तिनं विचारलं, "मग कशानं?" मी तिला सगळं सांगितलं. लवकर लागलेली बिडी, दहावीत नापास झाल्यावरचं त्याचं गप्प होणं, तो माणूस, ती पुडी, तो पट्टा, ते कोंडणं, ते पत्र. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मधे आम्हाला इतक्यांदा वेळ मिळाला होता."

मामांच्या हयातीत मला हे बोलायला जमलं नाही, याची खंत आहे. तुमच्या घरात आज कुणी त्या मधल्या एखाद्या पायरीवर उभं असेल, तर आज घरी गेल्यावर त्याच्याशेजारी जाऊन बसा. आधी त्याचं ऐका.